लौबेसचं बारसं

होल्मिश ही भाषा कुठल्या देशात बोलतात, असं मला कुणी विचारलं की मी आधी पाणी मागतो. कारण उत्तर असं आहे, की कुठल्याच नाही. उत्तरेकडच्या समुद्रात होल्म नावाचं एक बेट आहे असं समजायचं. त्या बेटावर हजार वर्षांपूर्वी काही जर्मन, काही डेन आणि काही डच वल्हवत आले असं समजायचं. त्यांच्या बोलण्याची खिचडी होऊन जी भाषा तयार झाली असती, ती होल्मिश. बेट नाही, माणसं नाहीत, व्याकरण मात्र दोनशे चाळीस पानांचं आहे.

हे मला कळेपर्यंत सात आठवडे उलटले होते. आमची स्नेहल पुण्याहून फोनवर म्हणाली होती, "बाबा, रिटायर झालात म्हणून दिवसभर आईच्या मागे मागे फिरू नका. जर्मन शिका." मी मोबाइलवर शोधलं आणि जर्मनसारखं जे पहिलं फुकट दिसलं ते सुरू केलं. एके दिवशी मंगलाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, सहज विचारलं, "ह्या भाषेत तिकडच्या भाजीवाल्याशी बोलता येईल ना?" म्हणून मी तो देश नकाशात शोधायला गेलो आणि समुद्राशिवाय काही सापडलं नाही.

"चला, तिकिटाचा प्रश्न मिटला," एवढंच म्हणून ती कुकर लावायला गेली.

शहाण्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. पण तोवर मला त्या मंडळींचा लळा लागला होता. जगभरातले एकशे बारा लोक, आणि त्यांचा म्होरक्या हेन्रिक. हा ब्रेमेन शहरात चाळीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस, आणि ही सगळी भाषा त्याने थांब्या-थांब्यांच्या मधल्या वेळात रचलेली. आमच्या ऑफिसात इतका वेळ असूनही कुणी साधी कविता केली नाही, हे मला तेव्हा फार लागलं.

फेब्रुवारीत हेन्रिकने गटावर लिहिलं की आपल्या शब्दकोशात माशांसाठी सत्तेचाळीस आणि धुक्यासाठी एकोणीस शब्द आहेत, पण द्राक्षाला एकही नाही. हेर रकिबे, म्हणजे श्रीयुत रकिबे, म्हणजे मी, नाशिकचे आहेत, तेव्हा हे नाम त्यांनी घडवावं. व्युत्पत्ती सांगावी, सगळ्या विभक्तींची रूपं द्यावीत, आणि दहा माणसांच्या तोंडून तो शब्द त्यांच्या स्वतःच्या वाक्यात बोलवून घ्यावा. महिन्याभरात हे झालं, तर शब्दाला स्वतंत्र पान मिळेल आणि पानाच्या माथ्यावर शब्दकाराचं नाव लागेल.

माथ्यावर नाव! वाचकहो, मी चौतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात कारकुनी केली. शेकडो पत्रं, टिपणं, अहवाल मी लिहिले. दुष्काळावरचा माझा एक अहवाल तर इतका हृदयद्रावक होता की वाचून वरचे साहेब जेवायला अर्धा तास उशिरा गेले. पण प्रत्येकाखाली सही दुसऱ्याची. माझं अस्तित्व म्हणजे डाव्या कोपऱ्यातली दोन बारीक अक्षरं, 'म. र.' माझं संपूर्ण नाव कुठल्याही लिखाणावर छापून आलं असेल तर ते लग्नपत्रिकेवर, आणि तीही सासऱ्यांनी लिहिली होती. तेव्हा मला हे पान हवं होतं. बेट असो वा नसो.

शब्द मी दोन दिवसांत घडवला. जर्मन, डेनिश, आइसलँडिक, सगळीकडे मंडळी द्राक्षाला कमीजास्त फरकाने 'वाइनचं बोर' म्हणतात. होल्मिशमध्ये वीन म्हणजे वाइन, बेस म्हणजे बोरासारखं बारकं फळ. झाला वीनबेस! व्युत्पत्ती समितीत ओस्लोचे एक गृहस्थ आहेत, ते फार खडूस. त्यांनीसुद्धा पसंतीचा अंगठा दाखवला. रूपं अशी: वीनबेस म्हणजे द्राक्ष, वीनबेसे म्हणजे द्राक्षाला, वीनबेसेस म्हणजे द्राक्षाचं, वीनबेसम म्हणजे द्राक्षांना. रोज सकाळी सहाला मी ही रूपं, आणि जोडीला नात्यागोत्याचा पहिला धडा, येरझाऱ्या घालत मोठ्याने घोकू लागलो. मंगला चहा गाळता गाळता म्हणायची, "तेच तेच दळण! अहो, शेजारी काय म्हणतील?"

शेजारी काय म्हणतील हे कळायला वेळ लागला नाही, कारण शब्द बोलून दाखवणारे दहा साक्षीदार मला तिथूनच जमवायचे होते. मंगलाला मी पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, "माझ्या तोंडून ते निघायचं नाही. तुमच्या सगळ्या खुळांत मी आहे, पण एक तरी माणूस घरात शुद्धीवर हवा."

मग मी वरच्या मजल्यावर सावित्रीबाईंकडे गेलो. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. इंदिरानगरमधली निम्मी तरुण पिढी त्यांच्या हाताखालून गेली आहे आणि उरलेली निम्मी त्यांना बघून रस्ता बदलते. त्यांनी चष्मा लावून माझा तक्ता पाहिला.

"रकिबे, विभक्ती चारच?"

"हो बाई. त्यांच्यात चारच असतात."

"आणि उरलेल्या चार कुठे गेल्या? द्राक्षातून, द्राक्षात, अरे द्राक्षा, हे त्यांना म्हणायचंच नसतं का?"

"बाई, द्राक्षाला हाक कोण मारणार?"

"तो प्रश्न तुमचा नाही. संबोधन ठेवावंच लागतं. उद्या गरज पडली तर आयत्या वेळी कुठून आणाल?" त्यांनी लाल पेनाने माझ्या तक्त्यात चार रकाने वाढवले आणि खाली 'अपूर्ण. पुन्हा करा' असा शेरा मारला. बासष्टाव्या वर्षी लाल शेरा मिळाल्यावर माणसाला जिना उतरायला कठडा लागतो.

सोसायटीचे चेअरमन धनराजअण्णा देवरे मूळचे कळवणचे. कागद बघितला की त्यांच्या अंगात सभा संचारते. त्यांनी तक्ता सरळ धरला, आडवा धरला. "रकिबेसाहेब, हाई काय शे?"

मी समजावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि लगेच शुद्ध मराठीत आले. पार्किंगमध्ये चार माणसं जमवायची तर अर्ज लागेल. अर्ज सभेपुढे यायला हवा. सभेला सात दिवसांची नोटीस. मी चौतीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो होतो, त्यामुळे मला रागही धड येईना. सातव्या दिवशी सभा भरली. 'परकीय नामाची रूपे पार्किंगमध्ये घोकणेबाबत' हा विषय लिफ्टच्या विषयानंतर आला आणि, लिफ्टवर भांडून सगळे दमले असल्यामुळे, एकमताने मंजूर झाला. तक्ता नोटीस बोर्डावर लावायची परवानगीही मिळाली. दुसऱ्याच दिवशी त्यावर 'आज टाकी धुणे आहे' ही चिठ्ठी चिकटली, आणि तीन दिवस आमच्या सोसायटीत द्राक्षाला षष्ठी नव्हती.

तरीही गाडी पुढे सरकली. बोर्डाखालीच वॉचमन बुधाची खुर्ची. तो सुरगाण्याकडचा. दिवसभर समोर तोच तक्ता, त्यामुळे त्याला सगळा आधी पाठ झाला. उच्चार तर असा की हेन्रिकने त्याचं ध्वनिमुद्रण ऐकून विचारलं, हे गृहस्थ किनाऱ्यावरचे का? मागाहून सावित्रीबाई आल्या (निषेध नोंदवून), धनराजअण्णा आले, आणि सकाळच्या हास्यक्लबातले चौघे आले. हे चौघे कशालाही येतात. सात साक्षीदार झाले. उरलेल्यांसाठी मी निफाडला फोन लावला.

निफाडला माझी थोरली बहीण सगुणाआक्का आणि तिचे यजमान फकिरादाजी यांची द्राक्षबाग आहे. फोनवर मी फक्त एवढंच म्हणालो की परदेशात द्राक्षाला नवा शब्द हवाय आणि तो मी काढलाय. दाजी खूश झाले. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून चार क्रेट द्राक्षं, आक्का आणि स्वतः असे आले. साक्षीदारांना द्राक्षं वाटली. बुधाने खणखणीत आवाजात सगळी रूपं म्हणून दाखवली. दाजींनी मान डोलावली आणि विचारलं, "आन याचा अर्थ काय व्हतो?"

मी शिक्षकाच्या उत्साहाने सांगितलं, "वीन म्हणजे वाइन. बेस म्हणजे बोर. वाइनचं बोर!"

दाजींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, हे मला त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं.

"महेशराव," दाजी सावकाश म्हणाले, "आमच्या घरात चार पिढ्या माळ हाय. पोटच्या पोरावानी बाग जपतो. लहान लेकरं खात्यात, आजारी माणूस खातो, देवाला निवद जातो. आन तुम्ही माझ्या मालाला दारूचं बोर म्हणता?"

"दाजी, मी नाही, ते जर्मन लोक..."

"त्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. पर तुम्ही घरचे ना?" असं म्हणून त्यांनी हास्यक्लबाच्या पुढ्यातला क्रेट उचलला आणि टेम्पोत ठेवला. हास्यक्लब पहिल्यांदाच गंभीर झालेला मी पाहिला.

मला कायमची आठवण राहील ती आक्काच्या शांतपणाची. तिने पदर खोचला. "अरे महेश, लेकराचं नाव ठेवायला आत्या लागती. तू मला इचारलंच नाय, तिथंच चुकलं. स्नेहलचं नाव मी ठेवलं, ह्याचंबी मीच ठेवणार. सांग, तुझ्या त्या भाषेत मांडवाला काय म्हणत्यात? येल मांडवावं चढतो, घड मांडवाखाली लागतो. मांडवाचं फळ म्हण. त्यात वंगाळ काय?"

मी शब्दकोश चाळला. पानांनी झाकलेल्या मांडवाला होल्मिशमध्ये 'लौब' म्हणतात. लौबेस! वर्षानुवर्षं ज्या फायलीवर 'चर्चा करावी' एवढाच शेरा राहतो, तसला प्रश्न आक्काने उभ्या उभ्या निकालात काढला. दाजींनी क्रेट परत उतरवला. सावित्रीबाई म्हणाल्या, "नाव आत्याने दिलंय तर बारसंही रीतसर झालं पाहिजे," आणि माझा होकार कुणी विचारायच्या आत रविवार ठरला, घुगऱ्यांचे हरभरे कुणी भिजवायचे ते ठरलं आणि पाळणा कुणाकडे पडून आहे याची चौकशी सुरू झाली.

इकडे बेटावर वादळ. ओस्लोच्या खडूस गृहस्थांचं म्हणणं पडलं की आमच्या थंड बेटावर द्राक्ष पिकणारच नाही, ते पिंपातून वाइन होऊनच आलं असणार, मग मांडव कुठून आणला? मी रात्रंदिवस नाही, पण दुपारच्या झोपा मोडून उत्तर लिहिलं. निफाडच्या बागेचे फोटो जोडले. दाजी मांडवाखाली माळ घालून उभे आहेत, तो फोटो परिशिष्ट 'क'. बेटावरच्या एका तरी खलाशाने नाशिक पाहिलंच असेल, तो परत जाऊन काय सांगेल, असा सवाल केला. हेन्रिकने लिहिलं, "असा खलाशी होता. मला आत्ताच आठवला." जे बेटच नाही तिथे खलाशी वाढवायला असा कितीसा वेळ लागणार? समिती नमली. रविवारी दुपारी चारला, व्हिडिओ कॉलवर, सगळ्यांदेखत पान प्रसिद्ध करायचं ठरलं. शनिवारी मी अंतिम मसुदा सुवाच्य टंकून, तीनदा तपासून पाठवला. चौतीस वर्षांत इतका नेटका कागद माझ्या हातून गेला नव्हता.

रविवारी पार्किंगमध्ये पाळणा सजला. आत मऊ दुपट्यावर द्राक्षांचा टपोरा घड. धनराजअण्णांनी घरचा टीव्ही खाली आणून त्यावर कॉल जोडला होता. पडद्यावर हेन्रिक, नव्या शर्टात, मागे ट्रामचं चित्र, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत ओस्लोचे गृहस्थ. बायकांनी घड पाळण्याच्या वरून दिला, खालून घेतला. मग आक्का कानात नाव सांगायला वाकली. घडाचा कान कुठला यावर थोडी चर्चा झाली आणि तो देठापाशी असतो असं ठरलं. आक्का "कुर्रर्र" म्हणाली आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. पडद्यावर हेन्रिक घाबरून उभाच राहिला. "हेर रकिबे, त्या बाईंना का मारताहेत? शब्द आवडला नाही का?"

त्याला समजावेपर्यंत घुगऱ्या वाटून झाल्या. आक्का आणि दाजींनी आपापली वाक्यं बोलून दाखवली. दाजींचं वाक्य होतं, 'मी लौबेसे मुलासारखं जपतो.' आधीच्या सातांनी आपली वाक्यं नव्या नावाने पुन्हा बोलून दिली होतीच, तेव्हा साक्षीदार झाले नऊ. दहावा अजून हवा होता, पण हेन्रिक म्हणाला, पान तयार आहे, आधी दाखवतो. टीव्हीवर पान उघडलं. वर ठळक अक्षरांत 'लौबेस'. खाली व्युत्पत्ती, आक्काचा मांडव, दाजींचा फोटो, रूपांचा तक्ता. आणि माथ्यावर, शब्दकार: हेन्रिक, ब्रेमेन.

मी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"सर," मी कसंबसं म्हणालो, "नाव..."

"हो, मलाही नवल वाटलं," हेन्रिक म्हणाला. "पण तुम्हीच तसं पाठवलंत. मला वाटलं, तुमच्याकडे थोरल्याचं नाव घालायची पद्धत असेल." त्याने माझा मसुदा पडद्यावर धरला. शेवटी उजवीकडे, सहीसाठी पुरेशी जागा सोडून, मी माझ्याच बोटांनी टंकलं होतं: हेन्रिक, संस्थापक. आणि डाव्या कोपऱ्यात, बारीक, म. र.

कुणीही हसलं नाही, हास्यक्लबही नाही, हेच जास्त लागलं. तीनदा तपासलेल्या कागदात मला ते दिसलं नव्हतं, कारण माझ्या नजरेला कागद तसाच बरोबर दिसतो. समोर हेन्रिक वाट बघत होता. आणि मी काय बोललो माहीत आहे? हात बांधून, मान किंचित वाकवून मी म्हणालो, "चालेल सर. आपल्याच मार्गदर्शनाखाली झालंय."

"काही चालणार नाही!"

मंगला घुगऱ्यांचं पातेलं ठेवून पुढे आली. पदराला हात पुसले आणि टीव्हीसमोर इतकी जवळ उभी राहिली की ब्रेमेनमध्ये फक्त तिचं कुंकू दिसत असावं.

"हे बघा हेन्रिकभाऊ. चौतीस वर्षं ह्यांनी लिहायचं आणि दुसऱ्यांनी सही ठोकायची. तेव्हा मी गप्प बसले, कारण घर चालवायचं होतं. आता काय म्हणून गप्प बसू? महिनाभर हा माणूस पहाटे उठून तुमची रूपं घोकतोय. तुम्हाला मराठी कळत नसेल. थांबा."

तिने एक श्वास घेतला आणि एकेक शब्द ठेवत, सकाळच्या चहाच्या वेळी जसं ऐकलं होतं तसं, पण वीनची लौब करून, स्वच्छ म्हणाली, "लौबेसेस फादर ईस मीन मान."

द्राक्षाचा बाप माझा नवरा आहे.

बुधाने पहिली टाळी वाजवली. सावित्रीबाई "षष्ठी अचूक" म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. दाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी काय केलं ते मला आठवत नाही. आक्का सांगते की मी लहानपणासारखा बाहीला नाक पुसत होतो, पण आक्का वाढवून सांगते.

पडद्यावर ओस्लोचे खडूस गृहस्थ म्हणाले, "दहावा साक्षीदार. नोंद घ्या." हेन्रिकने आमच्यादेखत माथ्यावरचं आपलं नाव खोडलं, मला स्पेलिंग विचारलं आणि टंकलं: शब्दकार: महेश रकिबे, नाशिक. ते अक्षर अगदी बारीक आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर शब्दकोशात माथ्यावरची नावं कुणी वाचत नाही. मीही कधी वाचली नव्हती. लोक उदाहरणं वाचतात. हेन्रिकने लौबेसच्या षष्ठीखाली उदाहरण म्हणून मंगलाचं वाक्य जसंच्या तसं घातलंय, खाली तिच्या नावासकट. तेव्हा त्या नसलेल्या बेटावर यापुढे जो कुणी द्राक्ष शिकेल, त्याला त्याबरोबर मंगलाचा नवरा शिकावा लागेल. परवा ब्राझीलमधल्या एका मुलीने ते वाक्य पाठ करून गटावर पाठवलं. मंगलाने ते दोनदा ऐकलं, "उच्चार बरा आहे पोरीचा" म्हणाली, आणि मला चहा ओतून दिला.